पुढून चौथा

मिलच्या रंगखात्यातले पोतनीस मास्तर
मिल बंद पडल्यापासून एकच चित्र काढत होते:
खान नदी, पलीकडे मिल, वेळ सव्वापाचची.
ब्रश नव्हताच.
उदबत्तीची काडी, टोक दातांनी ठेचलेलं,
आणि बॉबिनच्या खोक्यात बारा रंग.

"कुणा फ्रेंच माणसानं असं काढलंय," म्हणाले,
"वाचनालयातल्या जुन्या मासिकात पान होतं.
रंग कालवायचा नाही. शेजारी शेजारी ठेवायचा.
कालवायचं काम बघणाऱ्याच्या डोळ्यानं करावं.
चौतीस वर्षं मीच कालवले. आता बास."

हे सगळं दिसतं ते माझ्या काठावरून.
तिथे आम्हाला नदी बघूनच कळायचं
आज मिलमध्ये काय चाललंय:
शाळांच्या गणवेशांची ऑर्डर असली की निळी,
लग्नसराईच्या आधी गुलाबी.
एकदा आठ दिवस खाकी वाहिली,
आणि आई म्हणाली, लढाई होणार.
बगळ्यांचे पाय गुडघ्यापर्यंत रंगलेले असायचे.

चित्रात ते सगळे दिवस एकाच पाण्यात आहेत.
नाक टेकेल इतकं जवळ गेलं
तर नदी नाही, काठ नाही,
नुसतं जिरावण सांडल्यासारखं.
मागे, मागे, खाटेला पोटरी लागेपर्यंत मागे,
तेव्हा पाणी हलतं.

धुरात काळा कुठेच नव्हता.
जांभळा, त्याला टेकून नारिंगी, मध्ये कोरं कापड.
मी विचारलं, का?
"काळा आला की बाकीचे बोलायचे थांबतात.
आणि होता तेवढा इथं लागला,"
छातीवर काडी टेकवून हसले,
हसण्याचा खोकला झाला.

मग फाटकाशी सुटलेली पाळी दाखवली.
"पुढून चौथा. वाइंडिंगचा पुंडलिक घोंगे.
तुझा बाप."
एक पिवळट ठिपका. त्याखाली एक निळा.
"हातात डबा नाही?"
"त्या दिवशी खात्यातच विसरला होता."

जवळ गेले: रंगाचा वाळका थेंब,
त्यात काडीचं एक कुसळ.
मागे आले: माणूस चालतोय,
मान किंचित डावीकडे, बाबांचीच,
पण तोंड नाही.
पुन्हा जवळ. पुन्हा मागे.
मास्तरांनी पाय वर घेतले, मला जागा व्हावी म्हणून.
खोलीच दहा बाय दहाची, परदेशीपुऱ्यातली.

खाली उजवा कोपरा रिकामा होता.
आमच्याच मिलचा मांजरपाट,
उभा धागा, आडवा धागा, तसाच उघडा.
"इथे काय येणार?"

"इथे तू असायचीस. बगळ्यांना खडे मारत.
रोज बसतो काडी घेऊन.
किती ठिपक्यांची होतीस, तेवढंच ठरत नाही."