सातवी सही

सातपूरला दुसरी पाळी सुटल्यावर
टपरीमागे, कागद उडू नये म्हणून
चहाचा ग्लास ठेवून
सह्या घेतल्या. सहा झाल्या.
सातवा रंगनाथ खैरनार,
प्रेसला तीन बोटं देऊन बसलेला.
म्हणाला, पेन धरवत नाही, थांब जरा.
थांबलो.
डाव्या हाताने नाव काढलं त्याने,
पहिलीतल्या पोरासारखं,
शेवटचा र पार समासाबाहेर.

कचेरीत कारकून म्हणाला,
कागदाला तेल लागलंय. नवा आणा.

तोवर गांगुर्डेची बदली अंबडच्या प्लांटला,
निरगुडेला सुपरवायझर केलेला,
तो आता नमस्कार घेत नाही.

नवा फॉर्म डब्याच्या पिशवीत आहे, कोरा.
रंगनाथ रोज रात्री
मुलीच्या दुरेघी वहीत
र गिरवतो म्हणे.