शेरा

नोंदवहीला नऊ रकाने.
अनुक्रमांक, नाव, वय, जात, गट नंबर,
काय दिलं, कधी दिलं, सही किंवा अंगठा,
आणि शेवटी शेरा,
दोन बोटं रुंद.

त्यात मी ‘समाधानी’ लिहिते.
ढालगावच्या वरच्या माळावर साडेतीन वर्षं
घरोघर फिरून तेच लिहिते.
आमच्या बांधावरनं चार नंबरच्या पवनचक्कीचा रस्ता गेला,
वडलांनी बदल्यात मागून घेतलेली ही नोकरी.
आता गाव मला नावानं हाक मारत नाही,
“कंपनीची आली” म्हणतं
आणि खुर्ची पुसतं.

शमा मुलाणी. चौतीस. शिलाई मशीन, मोटारीचं.
वाटपाच्या फोटोत तिचा पाय
सवयीनं पायंडल शोधतोय.
दिवसा लाइट नसते, रात्री अकरानंतर ब्लाउज शिवते.
समोर टेकडीवर तांबडे दिवे लुकलुकतात, सदतीस.
मोजलेत तिनं. झोप आली की मोजते.
समाधानी.

शुद्ध पाण्याचं यंत्र, पाच रुपयांत वीस लिटर.
नाणं अडकलं की दादू ऐवळे चप्पल काढून हाणतो,
मग पाणी येतं.
अहवालात याला ‘स्थानिक सहभाग’ म्हणतात.
हे मीच सुचवलं होतं, खोटं कशाला बोलू.

बाळाप्पा कोळेकर. वय विचारलं तर हसतो.
नेत्रशिबिरात चष्मा मिळाला.
मंडपाबाहेर येऊन त्यानं पात्यांकडं नाही,
आधी आपल्या कुत्र्याकडं बघितलं.
“ह्याचं त्वांड पांढरं कवा झालं?
कुणी सांगितलं न्हाई मला.”
मग चष्मा काढून बंडीच्या खिशात घातला.
अजून तिथंच आहे.
इथं मी पेन उचललं आणि तसंच ठेवलं.

रत्नाक्का खोत. परसातलं कुक्कुटपालन, पिल्लं पंचवीस.
अकरा नंबरचं पातं सकाळी तिच्या अंगणात उतरतं,
सावली तव्यावरनं, परातीवरनं, पिल्लांवरनं,
पुन्हा तव्यावरनं.
सुरुवातीला घार आली समजून
तिची जुनी कोंबडी सगळ्यांना पंखाखाली ओढायची,
दाणा टिपायची उसंत नाही.
मग शहाणी झाली. बघेनाशीच झाली वर.
मग खरी घार आली.
दोन आठवड्यांत सात पिल्लं.
“तिची चूक न्हाई गं,” रत्नाक्का म्हणाली,
“सावली तीच की.”

मी पुस्तिका चाळली.
रोगानं मेली तर काय लिहायचं ते आहे.
लस चुकली तर आहे.
मुंगसाचंसुद्धा आहे, कुणीतरी विचार केलेला दिसतो.
घारीचं नाही.
“काय लिवलंस?” तिनं वाकून बघितलं,
वाचता येत नाही तरी बघितलं.
मी म्हटलं, अठरा शिल्लक.

निघताना तिनं पेपरात चार अंडी बांधली.
“तुझ्या सायबाला. एवढं दिलं त्येंनी,
आमचं बी कायतरी जाऊ दे.”
यासाठी कुठलीच वही नाही माझ्याकडं.
डिकीत नोंदवहीवर ठेवली.

घाटनांद्र्याच्या अलीकडं खड्डा चुकला नाही.
सांगलीत ऑफिसात वही काढली तर
बलक आत शिरलेला,
शमा आणि बाळाप्पा एकमेकांना चिकटलेले,
उघडायला गेलं की दोघांची जात फाटते.
साहेब म्हणाले, वास कसला?
मी सांगितलं. पूर्ण सांगितलं, घारीसकट.
ते ऐकत होते, खरंच ऐकत होते.
मग म्हणाले, मी अंडं खात नाही,
आणि शुक्रवारपर्यंत नवीन वहीत उतरून काढ.

उरलेली तीन काचेच्या टेबलावर ठेवली
तर एकेक करून कडेकडं निघाली.
मी हात आडवा धरून
बराच वेळ उभी होते.