ड्रायर फिरत नाही

धुण्याची बाजू घरघरते, पाणी सोडते,
फेस न्हाणीतून अंगणात, अंगणातून नालीत जातो.
सुकवायची बाजू मात्र गप्प.
बटण पाचावर फिरवलं.
टिकटिक करत पाच मिनिटं मोजली तिनं, इमानदारीनं,
आणि टिंग.
कपडे होते तसेच. ओलेगच्च.

एकतीस वर्षं लाईनमन होतो मी.
समुद्रपूरकडची सतरा गावं,
कोणत्या डीपीचा कोणता फेज कधी उडतो
झोपेत सांगितलं असतं.
ही तर प्लास्टिकची पेटी, दोन बादल्यांची.

आधी व्होल्टेज पाहिलं. एकशे सत्तर.
म्हटलं, हेच. हरभऱ्याचं पाणी सुरू आहे,
शिवारभर मोटारी.
रात्री अकराला दोनशे पंचवीस आलं.
बनियनवर, टॉर्च तोंडात धरून
बटण फिरवलं.
टिकटिक. टिंग.

शेजारचा देविदास हुलके म्हणाला,
कपडे एकाच बाजूला झाले असतील, नाही तर हिंगणघाटले न्या.
कपडे काढले, गोल बसवले.
मग रिकामीच फिरवून पाहिली.
मग भिंतीपासून ओढली, मागचे सहा स्क्रू काढले,
सातवा आधीच नव्हता.
आत उंदरानं साठवलेली तुरीची टरफलं,
एक गुलाबी क्लिप,
माझ्या खाकी शर्टाचं बटण, नोकरीतलं.
कपॅसिटर फुगलेला नाही.
ब्रेकची तार हातानं ओढली
तर दांडा लोण्यासारखा फिरतो.
टेस्टर लावला. मोटारीपर्यंत करंटच येत नाही.
म्हणजे मधात कुठंतरी.

“म्हणजे मधात कुठंतरी”,
हे मी पोलाखाली उभं राहून
किती जणांना ऐकवलं असेल,
आणि सायकल काढून घरी आलो असेन.

बायको वरोऱ्याला, प्रणालीच्या बाळंतपणाला.
जाताना दाखवून गेली
तिखट कशात, मीठ कशात, गॅस कुठून बंद होतो.
मशीनपाशी आली तेव्हा मीच म्हणालो,
मशीनचं मला सांगतेस?

सकाळी फोन लावला. मागे लेकराचं रडणं.
“झाकनावर वरोटा ठेवला काय?”
काय ठेवला?
“वरोटा. पाट्यावरचा. न्हाणीच्या खिडकीत हाय पाहा.
झाकन पुरतं बसत नाई तिचं, आतलं बटन दबत नाई.
डाव्या कोपऱ्यात ठेवा. मधात नोका ठेवू.”
कधीपासून?
“आणली त्याच सालापासून.
पोळ्याच्या दिवशी पाडलं नोतं काय झाकन, तुमीच?”

खिडकीतच होता.
साबणाचा पांढरा थर चढलेला.
त्याच्या बाजूलाच मी रोज दाढीचा ब्रश ठेवतो.
मला वाटायचं, मिक्सर आल्यापासून
बिनकामाचा पडून आहे.

सहा स्क्रू परत बसवले.
वरोटा डाव्या कोपऱ्यात. बटण पाचावर.
आधी हुंकार, मग थरथर,
मग डीपीवर फ्यूज टाकल्यावर
अख्खं गाव एकदम “आली!” म्हणून ओरडतं
तसा आवाज चढला.
वरोटा उजवीकडे सरकायला लागला.
मी दोन्ही तळहातांनी दाबून धरला,
हात खांद्यापर्यंत बधिर,
पाच मिनिटं.
इतकी वर्षं ऐकत आलो ते “थांबा, हात गुतला हाय”
याच्यासाठी होतं तर.
मी पाण्याचा ग्लास मागायचो आणि
चिडायचो.

संध्याकाळी तिचाच फोन. “फिरला काय?”
फिरला.
“हात दाबून ठेवला होता ना?”
हो म्हटलं.
“मंग ठेवते. लेकराचे दुपटे पिळाचे हायेत.
हातानंच. इथली मशीन नवीन हाय,
कुठं काय ठेवावं लागते तिले, मले मालूम नाई.”