पान एकशे बारा

सर्जेकोटच्या बंदरावर, बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर
वाचनालय आहे. दोन कपाटं, त्यातलं एक
खाऱ्या हवेनं कायमचं मिटलेलं.
उघडतं त्या कपाटात रुपाजी तांडेल राहतो.

पुस्तकाला पुठ्ठा नाही. लिहिणाऱ्याचं नाव
वाळवीनं पहिल्या चार पानांसकट नेलं.
म्हणून आम्हा सगळ्यांची गोष्ट
पाचव्या पानापासून, भर वादळात सुरू होते :
‘...तरी रुपाजीनं सुकाणू सोडलं नाही.’

तीन होड्या फुटल्या त्याच्या. चौथी त्यानं बांधली.
हे वाचून दाखवताना मास्तरांचा गळा दाटायचा
आणि चष्मा नाकावरून घसरायचा.
वाडीत पोरगा नापास झाला, इंजिन बसलं,
कुणाचं ठरलेलं लग्न मोडलं, की एकच औषध :
‘रुपाजीक बघ. रडललो काय तो?’
माझा भाऊ हेमू सातवीत दुसऱ्यांदा बसला
तेव्हा बाबांनी भिंतीवर कोळशानं होडी काढली
आणि खाली लिहिलं, चौथी.
हेमू आता गोव्यात ट्रॉलरवर असतो. बरा आहे.
होडी चुन्याखाली गेली.

मला कुणी रुपाजी हो म्हटलं नाही.
पुस्तक मीच आणलं, माशांच्या पाटीतून,
म्हणून नव्वद ते शंभर या पानांना
अजून सुंगटांचा वास येतो. तो गुन्हा माझा.
आधी पटत गेला तो मला.
मग नको ते प्रश्न पडायला लागले :
चौथ्या होडीच्या लाकडाचे पैसे कुणी दिले?
तीन वर्षं त्या घरात शिजलं काय?

उत्तर पान एकशे बारावर आहे, एका ओळीत.
‘रुपाजी थकून झोपला; कोणी एक बाई
पहाटेपर्यंत करटीनं पाणी उपसत होती.’
बस.
पुढच्या ओळीत सूर्य उगवतो, रुपाजी उठतो,
होडी तरंगते आहे बघून देवाचे आभार मानतो.
शेवटी सत्कार आहे, हार आहे,
दीड पानाचं भाषण आहे.
बाई तिथंही नाही. मी तीनदा तपासलं.

खाडीत आमच्या बचत गटाचा तराफा आहे, शिनाण्यांचा.
म्हणजे होता.
पहिला जुलैच्या पुरानं नेला.
दुसरा रात्री कुणीतरी कापला,
कुणी ते ठाऊक आहे, रोज त्याच्याच दुकानातून साखर आणतो.
तिसऱ्याची पिल्लं पाणी गोडं होऊन मेली.
दोर ओढला की रिकाम्या शिंपल्या वाजायच्या,
पाहुणे गेल्यावर कपबश्या आवराव्यात तशा.
बँकेचे साहेब म्हणाले, जिद्द ठेवा.
शेवंताकाकी म्हणाली,
‘जिद्द आमी ठेवतंव, तुमी हप्तो मागे ठेवा.’

त्या आठवड्यात मी पुस्तक पुन्हा काढलं.
रुपाजीशी बोलायचं नव्हतं.
सरळ एकशे बारा उघडलं.
समासात, पुसट पेन्सिलीत : ‘द्वारका’.
त्याखाली निळ्या शाईत, वेगळ्या हातानं : ‘आमची आये’.
आणि अगदी तळाला, कच्च्या अक्षरात,
बहुधा चौथी-पाचवीतल्या कुणाचं तरी :
‘बाय, तुझा नाव काय?’

एवढी वर्षं मला वाटायचं
ती फक्त मलाच दिसली.

पुस्तकात लिहिलं तर दोन रुपये दंड आहे.
मी दोन रुपये आधी टेबलावर ठेवले,
मग पेन मागितलं.
काय लिहिलं ते इथं सांगत नाही.
वाचायचं तर जिना चढावा लागेल.

आज ओहोटी पाच-दहाची.
अंधारात आम्ही पाचजणी, लहान होडीत बांबू,
दोराची भेंडोळी, कुणाच्या तरी डब्यातली भाकरी.
शेवंताकाकी मधेच कंबर धरून थांबते.
‘गो, ह्यो कितवो आपलो?’

पायाशी गार लागतं. तळाची फळी पुन्हा पाझरतेय.
‘मोजूक नको,’ मी म्हणते,
‘करटी खंय ठेवलंस?’