ब्रॉड

नॉरफोकमध्ये नदी जिथे नदी असणं विसरते,
लव्हाळ्यांत पाय पसरून ऐसपैस बसते,
त्या पाण्याला नावच ब्रॉड.

क्लेमंट थर्टल तिथे छपरांसाठी बोरू कापतो.

शहरातून एक बाई आली, वही घेऊन.
म्हणाली, तुमची बोली फार ब्रॉड आहे हो.
तो हसला. त्याला वाटलं, पाण्याबद्दलच बोलतेय.

तिने लिहून आणलं होतं:
खांदे ब्रॉड, पण आ वासला तर तोंड वाइड,
टक्क उघडे डोळे, तेही वाइडच,
आणि दिवसाढवळ्या होडी चोरीला गेली
तर उजेड मात्र ब्रॉड.
दोन्ही म्हणजे रुंदच ना?
मग अदलाबदल का चालत नाही?

क्लेमंटने विळा पँटला पुसला.
"वाइड म्हणजे
या काठापासून त्या काठापर्यंत किती, ते.
ब्रॉड म्हणजे मधलं सगळं."

तिने दोनदा अधोरेखित केलं.

आयडा गेल्यापासून
तो पलंगाच्या भिंतीकडच्या कडेलाच झोपतो.
ते तिने विचारलं नाही.
ब्रॉड बीन्सची ओळ कोरी राहिली होती,
ती भरली,
आणि बसची वेळ विचारली.