किल्ल्यांचा डबा

मामंजी, आज तुमचा डबा खाली काढला.
श्रुजबरीचा, कोपऱ्यात गंजलेला,
फ्रीजवर, पंचांगाच्या मागे.
त्रेचाळीस किल्ल्या.
सोसायटीत घरं बत्तीसच.

प्रत्येकीला नाडीचा तुकडा, मळून करडा झालेला,
आणि वहीच्या पुठ्ठ्याची चिठ्ठी.
फ्लॅटचा नंबर एकीवरही नाही.
स्वारगेट डेपोच्या स्टोअरमध्ये एकतीस वर्षं
नटबोल्टांना नंबर दिलेत,
माणसांपाशी आल्यावर कंटाळला असाल.

थोपटे. दार जरा उचलून उघडणे.
सय्यद. आधी बेल. आजी आत असतात, दचकतात.
केंजळे बाई. पोपट मोकळा असतो, दार लगेच लावणे.
गच्चीजवळचा मुलगा, नाव विचारणे.
त्याखाली दुसऱ्या शाईत:
भुजंग. मुखेडचा. रात्रपाळी. डबा लावलेला नाही.

म्हणजे त्या वर्षी
दोन पोळ्या जास्त लाटायला सांगायचात, ते ह्याच्यासाठी.
मी समजत होते, तुमची भूक वाढली.
सासूबाईंनी तर शुगर तपासून आणली होती.

आंबिल ओढा पार्किंगमधून आत शिरला त्या रात्री
डबा काखेत, टॉर्च दातात,
लेंगा गुडघ्यापर्यंत खोचून तुम्ही तळमजल्यावर.
गावाला गेलेल्यांची चार घरं उघडलीत.
सिलिंडर ओट्यावर, कागद माळ्यावर,
देव कपाटाच्या डोक्यावर,
आणि देवांशेजारी कुणाची तरी शिलाई मशीन.
आपली लूना तेवढी वाहून गेली.
सकाळी पुलाखाली सापडली, चिखलात आडवी.
"चला, पोहायला शिकली," म्हणालात
आणि अंघोळीला गेलात.

स्वतःची किल्ली मात्र रोज विसरायचात.
दोनदा बेल, आखूड, मग खोकला.
दुपारी माझा डोळा लागलेला असला
तर बेलही नाही.
जिन्यात बसून राहायचात पेपर वाचत,
कालचाच.

दहाव्याला ओंकारेश्वराच्या घाटावर कावळा शिवेना.
ह्यांनी सांगितलं, आईला अंतर देणार नाही.
थोपटे म्हणाले, नाना, लिफ्टचं बघतो मी.
मी मनात म्हटलं, डबा माझ्याकडे.
कावळा आला
आणि शेजारच्या पिंडाला शिवला.
तिथे दोनच माणसं होती, त्यांना कुठलीशी एसटी गाठायची होती.
तुम्हीच वळवला असणार,
आधी त्यांचं होऊ दे, म्हणून.
आपल्याला गुरुजींनी दर्भाचा करून दिला.

चौदाव्या दिवशी किल्ल्या परत करायला निघाले.
सय्यद आजींनी माझी मूठ धरली आणि मिटवली.
केंजळे बाई म्हणाल्या, आता ही मी ठेवू कुठे?
भुजंग तर केव्हाच मोशीला गेलाय,
फोनवर बराच वेळ काही बोलला नाही,
मग म्हणाला, वहिनी, नानांना काय झालं होतं?
थोपट्यांच्या दाराशी सवयीने कडी उचलून धरली,
दार उघडंच होतं.
गेले तेवढ्याच घेऊन वर आले.

राहिल्या अकरा.
ज्यांची कुलपं बदलली, ज्यांची माणसं गेली,
एक कुणा जोगळेकरांची,
अमेरिकेहून आल्यास चहाला बोलावणे, असं लिहिलेली.

सगळ्यांत खाली एक पितळी, जड,
वीतभर लांब.
हातात घेतली आणि आधी वास आला,
आमच्या ओसरीवरच्या शेंगांच्या पोत्यांचा.
चिठ्ठी वाचायची गरज नव्हती, तरी वाचली.

सासवड. सूनबाईंचं माहेर.
घर विकलं.
तरी राहू दे.

बाबा गेले त्या वर्षी मीच दिली होती तुमच्या हातात,
भंगारात टाका म्हटलं होतं,
की नुसतंच टाका म्हटलं होतं, आठवत नाही.
तिथे आता शटरचं दुकान आहे, मोबाईलचं.
एकदा बसमधून पाहिलं होतं,
तुम्ही शेजारी होतात,
खिडकी लावून घेऊ का, एवढंच विचारलंत.

बाकी सगळ्यांच्या नाड्या करड्या.
हिची पांढरी आहे, मामंजी,
अजून खळ आहे तिला.
अलीकडेच कधीतरी बदललीत.