फील्डबुकात खोडरबर चालत नाही

पहिल्याच प्रॅक्टिकलला खारकर सरांनी
सगळ्यांचे खोडरबर टेबलावर गोळा केले.
चुकलं तर एक रेघ मारा, म्हणाले,
सरळ, बारीक. खालचा आकडा वाचता आला पाहिजे.
आमच्या शहाद्याच्या शाळेत
स्वच्छ वहीला दोन गुण वेगळे असायचे.
दहावीपर्यंत मी ते दोन गुण
कुणाला जाऊ दिले नव्हते.

कमाटीबागेत डंपी लावायचा.
तिवईचे पाय रोवायचे, स्क्रू फिरवायचे,
अंगठे दोन्ही आत किंवा दोन्ही बाहेर,
बुडबुडा मधोमध आणायचा.
तो येत नाही.
जिगीषा म्हणे, शांती राख ने,
आणि स्वतः स्टाफ घेऊन लांब जाऊन उभी राहायची.
आमचा डंपी जुना. त्यातून जग उलटं दिसे:
झाडं लोंबकळलेली,
सकाळचे फिरायला आलेले काका डोक्यावर चालत,
आणि शेवटी उलटी जिगीषा,
खालून वर जांभई देणारी.
महिन्याभरात ते उलटं वाटेनासं झालं.
डोळ्यांनी कधी मान्य केलं, कळलंच नाही.

निकाल ऑगस्टात लागला. गणितात सव्वीस.
त्याच आठवड्यात विश्वामित्री फुगली,
हॉस्टेलच्या सायकल स्टँडमध्ये मगर आली
आणि आईचा फोन आला.
मी मगरीचंच सांगत बसले:
किती लांब, जबडा कसा बांधला,
पिंजरा उचलायला किती जण लागले.
आणि निकाल गं?
ठीक.
एवढंसं खोटं, दोन अक्षरांचं,
पण पुढे चार महिने
त्याला रोज खायला घालावं लागलं.

डिसेंबरात शेवटचा जॉब.
ज्या दगडापासून निघालो
बाग फिरून त्याच दगडावर परत यायचं.
दगड तर हलत नाही, उंची तीच यायला हवी.
आमचा फरक त्रेचाळीस मिलिमीटर.
डास चावत होते, जिगीषाची बस सुटत होती.
रात्री मी खोलीवर तीन आकडे बदलले,
नव्या पानावर, सुंदर अक्षरात.
फरक शून्य.

सर ते पान बराच वेळ बघत राहिले.
बेटा, म्हणाले, तीस वर्षं मोजतोय,
मला अजून शून्य आलेलं नाही.
पान परत दिलं. ओरडले नाहीत.
ओरडले असते तर
मला रागवायला कुणीतरी मिळालं असतं.

दुसऱ्या दिवशी सहाला आम्ही पुन्हा बागेत.
काय केलं ते जिगीषाला सांगितलं.
ती दगडापर्यंत बोलली नाही,
मग म्हणाली, स्टाफ आज तू धर.
मी धरला. हात वर करून उभी राहिले.
एक कुत्रं तिवईपाशी येऊन बसलं
ते शेवटपर्यंत उठलं नाही.
चौथ्या जागी सापडलं:
१.४० च्या ज्या बाजूला वाचायचं
त्याच्या दुसऱ्या बाजूला मी वाचलं होतं.
१.३८० चं १.४२०.
डोळ्यांना सवय झाली म्हणून
मी बघायचंच सोडलं होतं.

जुन्या पानावर रेघ मारली.
हात थरथरला, रेघ जराशी तिरकी आली.
१.४२० अजून वाचता येतं.
नवा फरक सहा मिलिमीटर.
सरांनी कोपऱ्यात लिहिलं, परवानगीच्या आत,
आणि सही केली.

गणित मेमध्ये पुन्हा आहे.
इंटिग्रेशन अजून जमत नाही,
रोज दोन गणितं सोडवते, त्यातलं एक चुकतं.
खोडरबर मात्र पेन्सिलच्या डब्यात नाही,
कुठे ठेवलाय ते माहीत आहे.

त्या संध्याकाळी आईला फोन केला.
सव्वीस, म्हटलं. ऑगस्टातच.
पलीकडे कुकरची एक शिट्टी झाली.
मला ठाऊक होतं, ती म्हणाली,
ठीक म्हणायच्या आधी तू घसा साफ केलास.
मग थोडं थांबून,
मगर तरी खरी होती ना?

खरी होती, म्हटलं.
सव्वासात फूट.
मोजली नव्हती गं मी, लोक म्हणत होते.